थर्मामीटरला मेंदूचं काय कळतं?

दवाखान्यात पेशंटच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो, पाहिलाय कधी? नाडी, श्वास, ताप, बीपी, रक्तातला ऑक्सिजन. सिस्टर येतात, दंडाला पट्टा गुंडाळतात, बोटाला चिमटा लावतात, आकडे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. किती साधं काम, नाही? पण खाटेवर पक्षाघाताचा झटका आलेला माणूस असेल, तर हा पुन्हा चालेल का, बोलेल का, याचा अंदाज बांधायला हेच आकडे मदत करतात.

आधी मेंदूत काय होतं ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन मात्र सुमारे 20 टक्के फस्त करतो! शिवाय साठा जवळजवळ काहीच नाही. म्हणून रक्तवाहिनीत गुठळी अडकली की उपासमार लगेच सुरू. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख मज्जापेशी मरतात. ज्यांचं रक्त पूर्ण तुटतं त्या आधी जातात. त्यांच्या भोवतालच्या पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात! शेजारच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर त्या तग धरतात. डॉक्टरांची सगळी धडपड या पेशींसाठी.

आता बीपीची गंमत ऐका. झटक्यानंतर ते बहुतेकदा चढतं. मग उतरवायला हवं ना? गुठळीचा झटका असेल तर डॉक्टर घाई करत नाहीत. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं नसेल, तर 220/120 च्या वर जाईपर्यंत सहसा ते तसंच राहू देतात. नळाला दाब कमी असला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसंच त्या उपाशी पेशींचं होतं. औषध द्यायचं असेल तर मात्र आधी बीपी 185/110 च्या खाली आणावं लागतं, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाची भीती. 17 हजारांहून जास्त रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात वरचा आकडा 150 च्या आसपास असलेले सगळ्यांत कमी दगावले. फार चढलेलं वाईट आणि फार उतरलेलंही वाईट!

नाडी अनियमित पडत असेल, तर गुठळी हृदयातून आली असावी अशी शंका येते. ऑक्सिजन कमी झाला तर द्यायलाच हवा, पण पुरेसा असताना उगाच दिल्याने फायदा होत नाही.

आणि ताप? मला सगळ्यांत जास्त नवल याचंच वाटतं. 1996 साली कोपनहेगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की दाखल होताना अंगात जितका जास्त ताप, तितकं पुढे बरं होणं अवघड. अंग तापलं की पेशींची भूक वाढते, आणि इथे तर आधीच दुष्काळ.

मग ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात सँडी मिडलटन आणि सहकाऱ्यांनी 19 पक्षाघात विभागांत एक प्रयोग केला. काही विभागांतल्या परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप आणि रक्तातली साखर यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पारा 37.5 अंशांवर गेला की लगेच पॅरासिटामॉल. पेशंटला गिळता येतंय का, हे तपासल्याशिवाय घोटभर पाणीही नाही. 2011 मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या पद्धतीत तीन महिन्यांनी 100 पैकी 58 जण दगावलेले किंवा परावलंबी होते. नव्या पद्धतीत 42. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही!

अर्थात आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पेशंटचं वय काय, मेंदूचा किती भाग दुखावलाय, यावर पुष्कळ काही ठरतं. पण वय बदलता येत नाही, ताप उतरवता येतो.

तुमच्या हातातही एक गोष्ट आहे. कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा, पाणी पाजू नका आणि मोठ्यांना सांगून लगेच 108 ला फोन लावा.