दर्याचा हिशेब

हैदराबादला समुद्र नाही. तरीसुद्धा मालीमच्या जेटीवरून सुटणाऱ्या मच्छीमारी नौकेने कोणती दिशा धरावी, याचा सल्ला आज त्याच शहरातून येतो. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली तेथे स्थापन झाले. आकडेवारीचे पृथक्करण आणि दूरसंचार यांमुळे उद्योगांचे व्यवस्थापन पालटत असल्याची चर्चा बहुधा कारखाने व बँका यांच्यापुरतीच होते. वास्तविक त्या स्थित्यंतराचा पुरावा आपल्याच दर्यावर आहे.

केंद्राची पद्धत समजण्यास कठीण नाही. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य मोजतात. उष्ण व थंड पाणी जेथे मिळते तेथे सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्या मागोमाग मासळी येते. अशी ठिकाणे हुडकून ती अमुक बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर व किती खोलीवर आहेत, हे स्थानिक भाषांतून कळविले जाते. आभाळ भरून आले की उपग्रहाची ही नजर अडते. मासेमारीबंदीच्या काळात तर हा सल्ला दिलाच जात नाही.

नौकामालकाच्या दृष्टीने प्रत्येक सफर हा एक लहानसा कारखानाच होय. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च मासळी मिळो वा न मिळो, करावाच लागतो. शोधाशोधीत जाळले जाणारे डिझेल वाचले तर तोच नफा. तांडेलाचा पिढीजात अनुभव त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. ठिकाण कळले तरी जाळे केव्हा टाकावे, हे त्यालाच ठरवावे लागते.

२०१९ साली आलेले ‘जेमिनी’ उपकरण मोबाइलच्या टप्प्यापलीकडे उपग्रहामार्फत सूचना पोचवू लागले; परंतु तो संवाद एकतर्फी होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेल्या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याचे ठरले. त्यामुळे नौकेलाही संकटात हाक देता येते आणि तिचा ठावठिकाणा किनाऱ्यावर कळतो.

खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. मासळी कोठे आहे हे सांगणारा आकडा, ती किती पकडावी हे सांगत नाही. शिवाय वेगवान नौका व मोठे जाळे ज्याच्यापाशी आहे, त्यालाच हे ज्ञान आधी फळते. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकाराला त्या दूरच्या जागेचा उपयोग काय? यंत्र पुढे धावते आणि नियमन मागे रखडते, हा गोव्याचा अनुभव जुना आहे. ट्रॉलरविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे १९८० चा सागरी मच्छीमारी नियमन कायदा आला. एलईडी दिव्यांच्या झोतातील मासेमारीवर केंद्राला २०१७ साली बंदी घालावी लागली.

म्हणून नव्या साधनांचे स्वागत करतानाच काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेल्या पट्ट्यात घुसणाऱ्या यांत्रिक नौका रोखण्यासाठी ट्रान्सपाँडरची माहिती वापरावी. बंदरावर उतरणाऱ्या मासळीची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवावी आणि ती रापणकारांच्या संघटनांनाही खुली असावी. हिशेबाच्या वहीला जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात. हैदराबादहून येणारा सल्ला आज जमेची बाजू भरतो आहे. दर्यातून काय व किती गेले, हे लिहिण्याचे काम आपल्या सरकारचे आहे. ते टाळले, तर उद्या उपग्रह रिकाम्या पाण्याचेच पत्ते कळवीत राहतील.