आधी अक्षर की आधी शिरोरेषा?

लग्नपत्रिकेच्या व्हिडिओत वधूवरांची नावं उमटतात, ऐतिहासिक चित्रपटाचं शीर्षक लिहिलं जाताना दिसतं, बालवर्गाच्या चित्रफितीत ‘ग’ गिरवून दाखवतात. तिन्ही ठिकाणी हात दिसत नाही, तरी कुणीतरी लिहितं आहे असं वाटायला हवं. पुष्कळदा ते वाटत नाही. त्यात दोष सॉफ्टवेअरचा नसतो. अक्षर कसं लिहितात हे संगणकाला कुणी सांगितलेलंच नसतं.

फॉन्टमधल्या ‘क’मध्ये लेखणीची वाट नसते. असते ती फक्त कड: बेझिए वक्रांनी बंद केलेली आकृती, जिच्या आत रंग भरायचा. लेखणी कुठे टेकली, कुठे वळली, कधी उचलली याची नोंद तिथे नाही. वेबपानांवर एक युक्ती सर्रास वापरतात. रेषा तुटक करायची, तिचा एकेक तुकडा अख्ख्या रेषेइतका लांब ठेवायचा आणि तो हळूहळू सरकवत आणायचा. हीच युक्ती थेट फॉन्टच्या आकृतीला लावली की अक्षराची कड गोल फिरून पूर्ण होते आणि मग आत रंग येतो. हे लिहिणं नव्हे, अक्षराला कुंपण घालणं झालं.

खरी रीत झाकण्या-उघडण्याची आहे. अक्षर आधीपासून पूर्ण असतं. त्याच्या मधोमध, हात जाईल त्या वाटेने, पेन टूलने एक रेषा काढायची आणि तिची जाडी अक्षराच्या सर्वांत रुंद भागाहून किंचित जास्त ठेवायची. ही रेषा मॅट म्हणून वापरली की ती जिथवर पोचते तिथवरचंच अक्षर दिसतं. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये, रेषा हळूहळू उघडणाऱ्या ‘ट्रिम पाथ्स’मधला ‘एंड’चा आकडा 0 वरून 100 टक्क्यांवर नेला की काम झालं. बोरूचा जाडबारीकपणा, कोरड्या ब्रशचा खरखरीत पोत हे सगळं मूळ अक्षरातूनच येतं.

संगणकाच्या आधीही हा भास घडवला जात होता. जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांच्या 1906 मधल्या ‘ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’मध्ये फळ्यावर खडूचे चेहरे हाताशिवाय उमटतात. पुढे अ‍ॅनिमेशनवाले सेलवर, म्हणजे पारदर्शक पटलावर, पूर्ण चित्र रंगवून ते थोडं थोडं खरवडत चित्रित करत आणि उलट क्रमाने दाखवत.

देवनागरीत या रीतीची खरी परीक्षा होते. ‘क’चं पोट काढून रेषा दांडा ओलांडते आणि उजव्या फाट्यात शिरते. दांडा नंतर काढायचा असेल, तर जाड मॅट त्याचा एक तुकडा वेळेआधीच उघडा पाडते. उपाय मेहनतीचा आहे: अक्षराचे अवयव कापून वेगळ्या लेअरवर ठेवायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र मॅट द्यायची. इकाराची अडचण वेगळी. ‘दि’ साठवताना संगणक द आधी ठेवतो आणि वेलांटी नंतर, पण दिसताना ती डावीकडे बसते. एकेक चिन्ह सुटं करून दाखवलं की आधी द येतो आणि मग वेलांटीला जागा देण्यासाठी उजवीकडे सरकतो. ‘क्ष’च्या वेळी तर आधी ‘क’ दिसतो आणि पुढे आकारच बदलतो.

सगळ्यांत मोठी गफलत शिरोरेषेची होते. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ डोक्यावर घेऊनच येतं, त्यामुळे शब्द उमटताना रेघही तुकड्यातुकड्यांनी वाढते. आपण शाळेत शब्द पुरा करून वरून एका ओढीत रेघ मारायला शिकलो. ती रेघ कापून वेगळी काढली आणि शेवटी ओढली, तर बाकी सगळं साधं असूनही मराठी डोळ्याला ते लिहिणं पटतं. मोडीत मात्र क्रम उलटा. तिथे ओळभर रेघ आधी ओढून घेत आणि तिच्याखाली, शक्यतो बोरू न उचलता, अक्षरं जोडत जात. म्हणून मोडी पत्र पडद्यावर उमटताना बाळबोध देवनागरीसारखी शेवटी रेघ आली, तर तो इतिहासाचाच चुकीचा पाठ होतो. वेशभूषेइतकीच काळजी इथेही घ्यायला हवी.

क्रम साधला की उरतो वेग. लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विव्हियानी या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलेला नियम सांगतो की हात वळणावर मंदावतो: वळणाची त्रिज्या आठपट लहान झाली, की वेग साधारण निम्मा होतो. 1992 मध्ये विव्हियानी आणि स्तुक्की यांनी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. या नियमाने धावणारा ठिपका माणसाला एकसमान वेगाचा वाटतो आणि खरोखर एकसमान धावणारा अडखळता वाटतो. ट्रिम पाथ्स दोन कीफ्रेममध्ये, म्हणजे आपण आकडा नोंदलेल्या दोन क्षणांमध्ये, रेषा समान वेगानेच वाढवतं, म्हणून ती यंत्राची वाटते. नुसतं ‘ईझी ईज’ लावलं तर फक्त सुरुवात आणि शेवट मंदावतात. ‘ळ’ची वळणं तशीच राहतात. प्रत्येक घट्ट वळणाजवळ कीफ्रेम टाकून वेग हाताने कमी करावा लागतो.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे शब्द कागदावर लिहून फोनवर चित्रित करणं, कोणता अवयव कितव्या फ्रेमला सुरू होतो आणि संपतो ते मोजणं आणि तेच आकडे कीफ्रेमला देणं. शब्द संपल्यावर हात मागे येऊन शिरोरेषेच्या डाव्या टोकाशी पोचतो, तेवढा वेळ कागदावर काहीच उमटत नाही. सेकंदाला 25 फ्रेमच्या गतीत तो 10 फ्रेम निघाला, तर पडद्यावरही 10 फ्रेम रिकाम्या सोडाव्यात. मग शिरोरेषा. तिला वळण नाही, म्हणून तिथे ‘ईझी ईज’ बरोबर बसतं: सुरुवातीला हळू, मध्ये भरधाव, टोकाशी पुन्हा हळू.