पत्र कोणासाठी लिहिलं होतं? जेझुइटांचे कागद वाचताना

"पीएचडीचा विषय नक्की काय?" असं कोणी विचारलं की मी हल्ली एकाच शब्दात सांगते : पत्रं. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याहून रोमला गेलेली आणि रोमहून गोव्याला आलेली जेझुइट पाद्र्यांची पत्रं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "त्यात एवढं काय आहे?" आज त्याचं जरा सविस्तर उत्तर देते.

एका पत्रापासूनच सुरुवात करू. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस लोयोला यांनी रोमहून आपले जुने सोबती फ्रान्सिस झेवियर यांना पत्र लिहिलं. आशय असा की आता युरोपात परत या. पण झेवियर ३ डिसेंबर १५५२ लाच चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले होते. पत्र लिहिलं गेलं तेव्हा त्यांच्या मृत्यूला जवळजवळ सात महिने झाले होते, आणि रोममध्ये कोणालाच त्याचा पत्ता नव्हता!

आता विचार करा. ज्या संस्थेच्या प्रमुखाला आपला सर्वांत महत्त्वाचा माणूस जिवंत आहे की नाही हेही कळत नाही, ती संस्था ब्राझीलपासून जपानपर्यंत चालायची कशी?

मठ नाही, म्हणून पत्रं

येशूसंघ, म्हणजे जेझुइट संघ, याला पोपची मान्यता १५४० साली मिळाली. त्याआधीच्या बहुतेक संन्यासी संघांचं जगणं मठात बांधलेलं असे. दिवसातून अनेकदा एकत्र जमून प्रार्थना गायची, एकत्र जेवायचं, एकाच छताखाली राहायचं. जेझुइटांनी एकत्र प्रार्थना गायनाचं हे बंधन मुद्दाम घेतलं नाही. कारण साधं होतं. त्यांना फिरायचं होतं. झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात पोचले, म्हणजे संघाला मान्यता मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. दहा सोबत्यांपासून सुरू झालेल्या या संघात इग्नेशियस वारले तेव्हा, १५५६ साली, सुमारे हजार माणसं होती आणि ती जगभर विखुरलेली होती.

एकत्र राहायचं नाही, तर मग एकत्र टिकायचं कसं? त्यांचं उत्तर होतं नियमितपणे लिहिणं. कोणी कोणाला, किती वेळा आणि काय लिहायचं याचे नियम झाले. संघाच्या घटनेतच पत्रव्यवहाराला जागा मिळाली. इग्नेशियस यांचे चिटणीस हुआन दे पोलान्को यांच्याकडे १५४७ पासून हे सगळं दप्तर होतं.

गोव्याच्या बाबतीत या दप्तराचं वेळापत्रक मात्र रोमच्या हातात नव्हतं, ते वाऱ्याच्या हातात होतं. लिस्बनहून जहाजं साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि पावसाळा संपता संपता गोव्याला लागत. फादर थॉमस स्टीफन्स यांचा प्रवास पाहा : ४ एप्रिल १५७९ ला लिस्बन सोडलं, २४ ऑक्टोबरला गोवा. परतीची जहाजं गोव्याहून डिसेंबर-जानेवारीत सुटत. म्हणजे गोव्यातून प्रश्न विचारायचा आणि रोमचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं थांबायचं. जहाज बुडालं तर तेही नाही. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या जहाजांतून धाडायची पद्धत पडली. आज दप्तरखान्यात एकाच पत्राच्या अनेक प्रती सापडतात त्या त्यामुळे.

ग्रुपवरचा मेसेज आणि खासगी मेसेज

माझ्या संशोधनाचा खरा गाभा इथून सुरू होतो.

१० डिसेंबर १५४२ ला इग्नेशियस यांनी पीटर फाव्र या आपल्या पहिल्या सोबत्यांपैकी एकाला पत्र लिहून चक्क कानउघाडणी केली. म्हणणं असं की, मुख्य पत्र असं लिहा की ते कोणालाही दाखवता येईल; कामाची प्रगती आणि देवाची कृपा दिसेल एवढंच त्यात असू द्या. बाकीचं, म्हणजे तब्येत, तक्रारी, भांडणं, सटरफटर बातम्या, हे वेगळ्या चिठोऱ्यांवर लिहा. मुख्य पत्र आपण स्वतः आधी लिहितो, तपासतो आणि मग पुन्हा लिहितो, असंही ते सांगतात. का? कारण लोक पत्र पाहायला मागतात, आणि नको ते मजकुरात असलं की दाखवताना पंचाईत होते.

तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. सोसायटीच्या ग्रुपवर आपण "कार्यक्रम उत्तम झाला, सर्वांचे आभार" असं टाकतो आणि मग सेक्रेटरीला वेगळा मेसेज करतो, "त्या मांडववाल्याला पुन्हा बोलवू नका." दोन्ही खरे. पण पन्नास वर्षांनी कोणाला फक्त पहिलाच सापडला तर?

एक उदाहरण घेऊ. जानेवारी १५४४ मध्ये झेवियर यांनी कोचीहून रोममधल्या सोबत्यांना मोठं पत्र लिहिलं. तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवर लोकांमध्ये चाललेल्या कामाचं त्यात वर्णन आहे. बाप्तिस्मे देऊन देऊन हात दुखून येतात, असं ते लिहितात. पुढे म्हणतात, युरोपच्या विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसमध्ये जाऊन वेड्यासारखं ओरडावंसं वाटतं, की इथे माणसं हवी आहेत. हे पत्र १५४५ मध्ये पॅरिसलाच छापून निघालं. थोडक्यात, ही जाहिरात होती. प्रामाणिक जाहिरात, पण जाहिरातच. ती विद्यार्थ्यांना बोलावण्यासाठी होती.

त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावरून झेवियर आपला सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्हास याला छोट्या छोट्या चिठ्ठ्या पाठवत होते. त्यांत सूर पार वेगळा आहे. कंटाळा आहे, धीर धर असा सल्ला आहे आणि पोर्तुगीज कप्तान व शिपाई नव्या ख्रिस्ती लोकांशी जे वागतात त्याबद्दलचा संताप आहे. छापील पत्र वाचणाऱ्या पॅरिसच्या विद्यार्थ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. आपल्याला दोन्ही दिसतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचणं हे आपलं काम.

कुंकळ्ळी, १५८३

आता जरा अवघड उदाहरण. गोव्याची साष्टी (मुंबईची नव्हे). तिथली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली. साष्टीची भूमी या संघाकडे धर्मप्रसारासाठी सोपवलेली होती. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी दाद दिली नाही, कर थकवले, देवळं पुन्हा उभारली. त्यांच्यावर लष्करी स्वाऱ्याही झाल्या. २५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीत गेले. गावकऱ्यांनी हल्ला केला, त्यात ते पाचही जण मारले गेले आणि सोबतचे काही ख्रिस्तीही.

पाचांपैकी रोदोल्फो आक्वाविवा हे नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. आणि संघाचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे 'जनरल', क्लाउदियो आक्वाविवा हे त्यांचे सख्खे काका. ज्या माणसाला ही बातमी लिहायची, त्याच्या घरातलाच मृत्यू! संघाच्या लेखनात हे पाच जण हुतात्मे झाले, आणि १८९३ मध्ये पोपनी त्यांना 'धन्य' घोषित केलं.

त्यानंतर काय झालं? गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे दगाफटक्याने ठार केलं. ही हकीकतही आपल्याला माहीत आहे, पण तिच्याभोवती वर्णनं, चित्रं, चरित्रं अशी परंपरा उभी राहिली नाही. त्या प्रमुखांनी रोमला पत्र लिहिलं नव्हतं. त्यांच्या बाजूने पाचशे मैलांवर किंवा पाच हजार मैलांवर कोणी वाट पाहत नव्हतं. आज कुंकळ्ळीत त्यांचं स्मारक आहे, पण ते उभं राहायला चार शतकं जावी लागली.

म्हणून मी पत्रांच्या शेजारी दुसरे कागदही ठेवते. उदाहरणार्थ, १५६७ ची साष्टीची जमीन-नोंदवही. ती महसुलासाठी केली होती, कोणाला प्रेरणा द्यायला नव्हे. त्यातल्या देवळांच्या जमिनींच्या नोंदी आज त्या गावांत काय काय होतं हे सांगतात. जिथे पत्र फक्त 'मूर्तिपूजकांची देवळं' म्हणतं, तिथे नोंदवही गावाचं नाव सांगते, देवाचं नाव सांगते, शेत सांगते.

आणि सहाशे साचे

सगळीच खासगी पत्रं तक्रारीची नसतात. मराठी वाचकाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचं वाटतं ते फादर स्टीफन्स यांचं १६०८ चं जनरलना लिहिलेलं पत्र. यात चमत्कार नाही, बाप्तिस्म्यांचे आकडे नाहीत, छापखान्याची अडचण आहे.

स्टीफन्स म्हणतात, इथल्या भाषेत आणि इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत ही माझी खूप वर्षांची इच्छा आहे. मलबारकडे तसं झालंच आहे. (तमिळ लिपीतलं पुस्तक कोल्लमला १५७८ मध्ये छापलं गेलं होतं.) मग अडलं कुठे? एक तर साचे. युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरं, काना-मात्रा धरून सहाशे साचे लागतील असं वाटत होतं. पण ते दोनशेवर आणता येतील. दुसरं म्हणजे, वरच्या अधिकाऱ्यांना इतकी कामं की याकडे बघायला वेळ नाही.

ते साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या, आणि छापील पानावर देवनागरीचं एकही अक्षर नाही! 'स्टीफन्सनी रोमन लिपी निवडली' असं आपण सहज म्हणून जातो. हे पत्र वाचल्यावर तसं म्हणवत नाही. त्यांना देवनागरी हवी होती. मराठी व्याकरणासाठी देवनागरीचे खिळे वापरले गेले ते १८०५ मध्ये, श्रीरामपूरला विल्यम केरींच्या छापखान्यात. मधे जवळपास दोनशे वर्षं गेली.

तर 'त्यात एवढं काय आहे' याचं माझं उत्तर हे. पुढच्या वेळी कुठे वाचलंत की अमुक पाद्र्याने एका महिन्यात अमुक हजार लोकांना बाप्तिस्मा दिला, तर लगेच खोटं म्हणू नका आणि लगेच खरंही मानू नका. आधी विचारा : हे पत्र कोणाला लिहिलं होतं, ते चारचौघांत वाचून दाखवायचं होतं की नाही, आणि त्याच महिन्यात त्याच माणसाने दुसऱ्या कोणाला काय लिहिलं? माझी चार वर्षं याच तीन प्रश्नांमागे गेली आहेत, आणि अजून पेटीभर पत्रं बाकी आहेत.