पाण्याचे दोन फेरे

लेझर काचेच्या नळीत तयार होतो, हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर पटत नाही. पाच मिलिमीटरचं अॅक्रिलिक लोण्यासारखं कापणारी वस्तू लोखंडी, भक्कम असणार असंच वाटतं. मग मी मशीनचं मागचं झाकण उघडून दाखवते. चार फूट लांब, मनगटाएवढी जाड काचेची नळी. खरं तर एकात एक तीन नळ्या: अगदी आतलीतून वीज जाते आणि वायू गुलाबी-जांभळा उजळतो, तिच्याभोवती पाणी फिरतं, आणि बाहेरच्या नळीत वायूचा साठा. मधलं पाणी थांबलं तर काय होतं, ते मी नागपूरच्या मे महिन्यात पाहिलंय.

लग्नसराई होती, नावाच्या पाट्यांचं काम अंगावर होतं. दुपारी लाईट गेली. मशीन इन्व्हर्टरवर होतं, पाण्याचा पंप मात्र साध्या बोर्डावर. मशीन चालू राहिलं म्हणून मी निर्धास्त होते. काही मिनिटांनी ‘टक्’ असा बारीक आवाज आला, बांगडी पिचकल्यासारखा, आणि उजेड विझला. महिनाभराची कमाई त्या आवाजात गेली. नवी नळी बसवायच्या आधी हे पाणी नीट समजून घ्यायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

माझ्या नळीतला हा कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सरकारी कॉलेजात. मला याचा फार अभिमान वाटतो आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगते. या लेझरचं तत्त्व असं, की विजेने चेतवलेला रेणू वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना प्रकाश सोडतो. वायू तापला की खालच्या पायरीवर आधीच गर्दी होते आणि ती गर्दी तोच प्रकाश पुन्हा गिळायला लागते. म्हणून नळी गरम झाली की कापायची ताकद उतरते, काच तडकणं ही फार पुढची गोष्ट. नळीतल्या वायूंच्या मिश्रणातला हेलियम उष्णता काचेपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे ती न्यायची पाण्याने.

उष्णता किती? माझी नळी ६० वॅटची, पण ती वीज घेते साधारण ४०० वॅट. उरलेले ३४० वॅट, म्हणजे साध्या इस्त्रीच्या जवळपास निम्मी उष्णता, पाण्यात जाते. वीस लिटर पाणी त्याने दर चार मिनिटांना एक अंश तापतं. सलग तासभर कापलं तर चौदा अंश. नळीला पाणी हवं वीसच्या आसपास, फार तर पंचवीस. बादलीत पंप सोडून काम का भागत नाही, ते या हिशोबातच आलं.

बाजारातला स्वस्त चिलर म्हणजे रेडिएटर आणि पंखा. तो पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, आणि आमच्याकडे मेमध्ये हवाच ४४ अंश. कॉम्प्रेसरवाला चिलर उत्तम, पण तेव्हा नळीच्या खर्चानंतर तो परवडणारा नव्हता. वाट दाखवली आमच्या गल्लीत कूलर बनवणाऱ्या काकांनी. मी पंप विचारायला गेले होते. म्हणाले, “पोरी, कूलर हवा थंड करते एवढंच लोकाइले वाटते. तो टाकीतलं पाणीबी थंड करते. हात घालून पाह्य.”

हात घातला. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि टाकीतलं पाणी माठातल्यासारखं गार. माठाचंच तत्त्व ते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हवा ४४ अंशांवर आणि कोरडी, पंधरा टक्के आर्द्रतेची असेल, तर अशा रीतीने पाणी २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात माझ्या टाकीत पंचवीस-सव्वीस मिळतात.

पण कूलरचं पाणी नळीत सोडायचं नाही. त्यात क्षार, शेवाळ, खसचा कचरा. शिवाय नळीला पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात आणि क्षारांचं पाणी वीज वाहून नेतं. म्हणून दोन वेगळे फेरे केले. आतल्या फेऱ्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, झाकणाच्या काळ्या कॅनमध्ये, म्हणजे उजेड नाही आणि शेवाळ नाही. तिथून पंप, नळी, मग तांब्याचं वेटोळं आणि परत कॅन. वेटोळं तीन सुती पाइपचं. एसीवाले वापरतात ते पन्नास फुटी बंडल काकांनी स्टीलच्या डब्याभोवती हलक्या हाताने गुंडाळून दिलं, कुठे चिमटा बसू दिला नाही. ते बुडवलं कूलरच्या टाकीत. दोन पाणी एकमेकांना भेटत नाहीत, मधून फक्त उष्णता जाते. कूलरला अर्थिंग आधी, बाकी सगळं नंतर. आणि लेझर चालू असताना कुठल्याच पाण्यात हात नाही.

भर दुपारी टाकीत बर्फाच्या बाटल्या टाकते. एक किलो बर्फ वितळताना माझ्या नळीची सोळा मिनिटांची उष्णता पितो. आतलं पाणी अठ्ठावीसवर गेलं की काम थांबवते, गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी.

नळी बसवताना पाणी बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं. नाहीतर बुडबुडा अडकतो, तेवढ्या जागी काच कोरडी तापते आणि तडकते. पंप सुरू करून मी टॉर्चने संपूर्ण नळी पाहते, बुडबुडा दिसला तर मशीन थोडं तिरकं करून हुसकावते. पॉवर सप्लायवर पाण्याच्या स्विचसाठी वेगळी जागा असते. पाणी वाहत नसेल तर लेझर पेटूच नये, यासाठी. माझ्या मशीनला तिथे वायरचा तुकडा जोडून दिलेला होता. चारशे रुपयांचा फ्लो स्विच तिथे असता तर पहिली नळी आजही चालली असती. अशी मशीन विकणाऱ्यांचा मला अजून राग येतो. नवं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी तो तुकडा आधी शोधायला लावते.

पावसाळ्यात सगळं उलटं. तान्ह्या पोळ्यासाठी प्लायवूडचे नंदी कापते, तेव्हा हवा २८ अंशांवर आणि ओलीचिंब असते. अशा हवेत २५ अंशांखालच्या काचेवर दव धरतं. पहिल्या वर्षी मी सवयीने बर्फ टाकला, नळी पन्हं भरलेल्या ग्लासासारखी घामेजली आणि टोकाशी चर्र करून ठिणगी उडाली. मशीन बंद केलं, काच पुसून रात्रभर तशीच ठेवली. आता श्रावणात बर्फ नाही. पाणी अठ्ठावीसच्या जवळ राहतं, म्हणून करंट कमी ठेवते, आणि जो नंदी मेमध्ये एका फेरीत कापला गेला असता तो दोन फेऱ्यांत कापते.