जयंतीचे भाषण पाठ करून घेऊ नका

जयंतीच्या व्यासपीठावर मुलगी धीटपणे सुरुवात करते. चौथ्या वाक्यातला एक शब्द आठवत नाही आणि सगळेच थांबते. लोक टाळ्या वाजवून सांभाळून घेतात, पण पुढच्या वर्षी ती नाव देत नाही. चूक तिची नसते. आपण तिला दुसऱ्याने लिहिलेले भाषण घोकायला दिलेले असते.

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांना अनपेक्षितपणे बोलायला बोलावले गेले. आपल्याआधी २०-२२ वक्ते आहेत असा आपला समज होता, आज तयारी करून आलेलो नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. तरी भाषण झाले, आणि ते आजही वाचले जाते. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास होता.

मुलांकडे तेवढा अभ्यास कुठून येणार? पण एका छोट्या विषयाचा नक्की होतो. विषय द्या, वाचायला द्या आणि तिच्याच शब्दांत तीन मुद्दे कागदावर लिहू द्या. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्ये, कारण छातीत धडधड तिथेच जास्त असते. रविवारी वंदनेनंतर विहारातल्या ओळखीच्या माणसांसमोर दोन मिनिटे बोलू द्या. अडली तर कागद बघू द्या. मोठ्यांनी मध्येच शब्द पुरवायचा नाही.