मिलानची रिकामी पाषाणपेटी

इटलीतील मिलान नगरीस जाणारे बहुतेक प्रवासी तेथील भव्य संगमरवरी कॅथेड्रल पाहून परततात. तेथून दक्षिणेस पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर सान्त युस्तोर्जो हे विटांचे मध्ययुगीन चर्च उभे आहे. तिकडे फार थोड्यांची पावले वळतात.

चर्चच्या उंच मनोऱ्यावर नेहमीच्या क्रूसाऐवजी तारा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार अशाच एका ताऱ्यामागून पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, म्हणजे मागी, बाळ येशूच्या दर्शनास आले. ते किती होते हे तेथे सांगितलेले नाही, ते राजे होते असेही नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून परंपरेने त्यांची संख्या तीन ठरवली आणि पुढे राजपदही बहाल केले.

आत उजव्या बाजूच्या दालनात एक प्रचंड रोमन पाषाणपेटी आहे. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. ‘तीन मागींची समाधी’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आणि एक तारा, एवढेच. बिशप युस्तोर्जो यांनी चौथ्या शतकात ही पेटी अस्थींसह कॉन्स्टँटिनोपलहून आणली, बैलगाडी या जागी अडली ती काही केल्या हलेना, म्हणून येथेच चर्च बांधले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडील मूर्तींच्या कथा ऐकलेल्यांना ती परकी वाटू नये.

११६२ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मिलान उद्ध्वस्त केले. ११६४ मध्ये त्याचा प्रधान आणि कोलोनचा आर्चबिशप रायनाल्ड याने त्या अस्थी जर्मनीत नेल्या. कोलोनमध्ये त्यांच्यासाठी सुवर्णमंजूषा घडली. १२४८ मध्ये नव्या विशाल कॅथेड्रलचा पाया घातला गेला, ते १८८० मध्ये पूर्ण झाले. यात्रेकरूंची रीघ आणि त्यासोबत येणारे वैभवही कोलोनकडे गेले. मिलानकडे उरली ती रिकामी पेटी.

तरीही येथील भक्ती आटली नाही. चौदाव्या शतकात पेटीशेजारी मागींच्या कथेची संगमरवरी वेदी कोरली गेली, ती कशासाठी, हा प्रश्न हिशेबी माणसास पडावा. अस्थी परत मिळाव्यात म्हणून मिलानने वेळोवेळी मागणी केली, ती फेटाळली गेली. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी कार्डिनल फेरारी यांच्या प्रयत्नांना यश आले आणि १९०४ मध्ये अस्थींचे मोजके अंश समारंभपूर्वक परतले. ते वेदीच्या वर एका कलशात ठेवलेले आहेत.

पाषाणपेटी मात्र आजही रिकामीच आहे. दरवर्षी ६ जानेवारीस राजांचा वेष धारण केलेल्यांची मिरवणूक कॅथेड्रलपासून निघून या चर्चपर्यंत येते.