कान तपासणाऱ्याला कोण तपासतं?

डावा कान पार गेलेला आणि उजवा ठणठणीत, असा माणूस ऑडिओमेट्रीच्या खोलीत बसवला आणि डाव्या हेडफोनमधला आवाज वाढवत नेला, तर चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे तो बटण दाबू लागतो. डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नसतं. आवाज कवटीतून पलीकडे जातो आणि उजवा कान तो टिपतो. म्हणून डावा कान तपासताना उजव्या कानात मास्किंगचा सरसर आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. ते राहिलं, तर मेलेल्या कानाचाही मध्यम दोषाचा सुबक ग्राफ कागदावर उमटतो. 'सावलीची रेषा' म्हणून ओळखली जाणारी ही चूक विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवतात. पण बाहेर तीस माणसं खोळंबलेली असताना ती झालीच, तर दाखवून देणारं त्या खोलीत कुणी नसतं. ग्राफ देखणा असतो आणि रुग्णाला तो वाचता येत नाही. त्या कानावर बसवलेलं मशीन काही महिन्यांनी कपाटात गेलं की घरचे म्हणतात, आजोबांना मशीन सोसलं नाही.

सुताराने चौकट तिरकी बसवली तर दार अडतं आणि घरमालक दुसऱ्याच दिवशी भांडायला येतो. ऑडिओलॉजिस्टची चूक अशी परत येत नाही. तान्हं बाळ तक्रार करू शकत नाही. म्हातारा माणूस दोष आपल्या वयाला देतो आणि कारखान्यातला कामगार नशिबाला. पदवीनंतरही या व्यावसायिकांनी शिकत राहावं हा आग्रह मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. नवी यंत्रं येतात हे कारण त्यानंतरचं. स्वतःची चूक कळण्याची सोय या धंद्यातच नाही, म्हणून ती बाहेरून करावी लागते. सध्याची व्यवस्था मात्र ही सोय करण्याऐवजी बसल्याचे तास मोजते.

ही व्यवस्था भारतीय पुनर्वास परिषदेच्या हाती आहे. परिषद 1986मध्ये सोसायटी म्हणून सुरू झाली, 1992च्या कायद्यानुसार 1993च्या जूनपासून तिला वैधानिक दर्जा मिळाला. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय ऑडिओलॉजीचा व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज मध्यम प्रतीच्या श्रवणयंत्राच्या वर्षभराच्या बॅटऱ्यांनाही पुरणार नाही, पण तो विषय वेगळा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी 'सीआरई'चे, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण लागतात. ते मिळतात मान्यताप्राप्त कार्यशाळांना आणि परिसंवादांना हजर राहून, आणि कोविडनंतर वेबिनारला बसूनही. असे कार्यक्रम घेणाऱ्यांत 1983मध्ये वांद्र्याला स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1965पासूनची म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे आणि इतर महाविद्यालयंही आहेत. अशा कार्यक्रमाला जायचं तर नगरच्या माणसाला पुणं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, मुंबई त्याच्या दुप्पट.

अनुभव गाठीशी असताना हा व्याप कशाला, असं विचारणारे भेटतात. आधी ज्ञान किती हललं ते पाहू. निरोगी आंतरकर्ण स्वतःच अतिसूक्ष्म आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी 1978मध्ये दाखवलं. त्यावरून बाळाच्या कानात छोटी प्रोब घालून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी आली. बाळ पास झालं की सगळे निर्धास्त. पण 1996मध्ये 'ऑडिटरी न्यूरोपथी' या नावाने एक अवस्था मांडली गेली. तिच्यात आंतरकर्णाच्या बाह्य केसपेशी ठीक असतात, म्हणून ओएई पास होते. संदेश मात्र नसेतून मेंदूकडे नीट, एकत्र पोचत नाही आणि बेरा, म्हणजे नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश मोजणारी चाचणी, कोरी किंवा विस्कटलेली येते. काचेच्या पेटीत राहिलेल्या, कावीळ फार वाढलेल्या बाळांना हा धोका जास्त. त्यामुळे अमेरिकेच्या बालश्रवणविषयक संयुक्त समितीने 2007मध्ये सांगितलं, की नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाची बेराच करा, नुसत्या ओएईवर सोडू नका. 1996च्या आधी पदवी घेतलेल्याला हे अनुभवातून कसं उमगणार? पास झालेलं बाळ त्याच्याकडे परत येतच नाही. आलंच तर अडीच वर्षांनी, बोलत नाही म्हणून, आणि बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021च्या अहवालात सामान्य श्रवणाची मर्यादाही 25वरून 20 डेसिबलवर आणली. कालचा 'नॉर्मल' ग्राफ आज सौम्य दोषात बसतो. परिणाम दिसला तरच अनुभव शिकवतो. तो दिसत नसेल तर वर्षांगणिक फक्त हात सफाईने चालतो, आणि चूक असली तर तीही सफाईने होते.

आता सगळं मशीनच करतं, हा दुसरा आक्षेप. श्रवणयंत्र संगणकाला जोडलं, ग्राफ भरला, की कंपनीचं सॉफ्टवेअर 'फर्स्ट फिट' देतं हे खरं. पण ते सरासरी कान गृहीत धरून दिलेलं असतं. प्रत्यक्ष कानाच्या नळीत, पडद्याजवळ, सिलिकॉनची बारीक नळी सरकवून मोजलं तर वरच्या पट्टीतला आवाज पुष्कळदा हवा त्यापेक्षा कमी निघतो. नेमके स आणि श त्याच पट्टीत राहतात. नातवाचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. मशीनवर भरवसा वाढला की ते कुठे चुकतं हे जाणणाऱ्याची गरज उलट वाढते.

तिसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे: हे गुण म्हणजे कागदी घोडे. नोंदणी शुल्क भरायचं, कॅमेरा बंद करून वेबिनार लावून ठेवायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. यातून गुण जमतात, पण मास्किंग केलं की नाही हे कुणाला कळत नाही. तरी म्हणून अटच काढून टाका, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये श्रवणयंत्र देणाऱ्यांची नोंदणी करणारी परिषद तास किंवा गुण मोजतच नाही. दर नूतनीकरणाला अडीच टक्के लोक निवडून ती त्यांना विचारते, काय शिकलात आणि त्याचा रुग्णांना काय उपयोग झाला ते लिहून द्या. परीक्षा शिकण्याच्या परिणामाची घेता येते, हे तिथे गृहीत आहे.

पण त्यासाठी लंडनकडे पाहण्याची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. प्रशिक्षण एकदा देऊन संपवलं नाही. त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, आपापल्या गावातली प्रकरणं मांडत: कुणाचं मूल वाळत चाललंय, कोणती बाळंतीण अडली, कुठे उपाय फसला. धडा त्यातून निघे आणि पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं हे सांगावं लागे. जागतिक आरोग्य संघटनेने 1975मध्ये जगभरातल्या मोजक्या लोकाधारित प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1979मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका निरक्षर होत्या आणि हे पदवीधर आहेत, तुलना कशी करायची, असं कुणी म्हणेल. माझ्या मते पदवीधरालाच याची गरज जास्त आहे. गावातलं मूल वाळतंय हे सेविकेला डोळ्यांनी दिसायचं. बंद खोलीतल्या ऑडिओलॉजिस्टला तेवढंही दिसत नाही.

व्यवहारातल्या अडचणी आहेतच. क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या, चौदा तालुक्यांच्या नगर जिल्ह्यात असे तज्ज्ञ मोजके. त्यातला एक दोन दिवस मुंबईला गेला की त्याची ओपीडी बंद. म्हणूनच जामखेडची रीत फोनवर आणावी. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003मध्ये सुरू केलेला 'प्रोजेक्ट एको' हेच करतो: दूरच्या गावातला डॉक्टर स्वतःचा रुग्ण मांडतो आणि मध्यवर्ती तज्ज्ञांसह इतर गावांतले डॉक्टरही ऐकतात, विचारतात. लोणीला 1984पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. वांद्र्याला राष्ट्रीय संस्था. मध्यवर्ती तज्ज्ञ तिथून बसू शकतात. निम्मे गुण तरी अशा चर्चेच्या तासाला ठेवावेत, आणि तिथे आणायचे ते स्वतःचे ग्राफ, परत आलेली मशीनं, पास होऊनही न बोललेली मुलं. ज्याच्या हाती नोंदणी त्याच्यासमोर आपली चूक कोण उघडी करील, ही शंका रास्त आहे. त्यावर चर्चा आणि शिस्तभंग या गोष्टी कायमच्या वेगळ्या ठेवाव्या लागतील, कागदावरून रुग्णाचं आणि तपासणाऱ्याचं, दोघांचंही नाव काढून.

अशा तासात वांद्र्यालाही शिकावं लागेल. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950च्या सुमारास उभा राहिला, मागून जिल्हाभर कारखाने झाले, आणि टर्बाइनपाशी वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाच्या ग्राफमध्ये 4000 हर्ट्झला खड्डा पडतो. आवाजाने येणारा हा बहिरेपणा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे, पण तो कळवायचा कुणी आणि कसा, हे परिसंवादात क्वचितच कुणी सांगतं. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यात, उपचार सहाव्यात हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. 2019मध्ये ज्यांना ते साधलं त्यांच्यासाठी ते एक-दोन-तीन असं आणखी आवळलं गेलं. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड टोळीतलं बाळ भाद्रपदात तपासणीत नापास झालं, तर निदानाची तारीख दसऱ्याच्या आत द्यावी लागते. दसरा-दिवाळीनंतर ते कुटुंब कोणत्या फडावर असेल हे मुकादमच सांगू शकतो, आणि गाडी परत येते मार्च-एप्रिलात.